जॅझचा अल्बम: ऐकायचा कसा, निवडायचा कसा, जपायचा कसा

जॅझ ऐकायला घेतलेले बरेच जण दोन-तीन आठवड्यांत थांबतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. सुरुवातीची चाल कळते, आवडते, पण ती संपली की पुढची सात-आठ मिनिटं काय चाललंय ते उमगत नाही. प्रत्येक जण मनाला येईल ते वाजवतोय असं वाटतं. प्रत्यक्षात जॅझमधला बहुतांश एकलवादनाचा भाग ठरलेल्या आवर्तनात चालतो. आवर्तन मोजता आलं की सॅक्सोफोनवाला कुठे आहे, कुठून निघाला आणि कुठे उतरणार हे कानाला कळायला लागतं. ख्याल, नाट्यसंगीत किंवा भजन ऐकत वाढलेल्या माणसाला मोजणं नवं नाही. फक्त इथे काय मोजायचं ते माहीत हवं.

पहिला अर्धा भाग ऐकण्याचा आहे, दुसरा रेकॉर्ड्स घेण्याचा आणि सांभाळण्याचा. क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. आधी मशीन आणि पन्नास रेकॉर्ड्स घेऊन मग ऐकायला बसणाऱ्याचे पैसे बहुधा चुकीच्या जागी जातात.

लागणारं साहित्य

ऐकण्यासाठी:
- कानात बसणारे बऱ्यापैकी इयरफोन किंवा दोन स्पीकर. मोबाइलचा स्वतःचा स्पीकर चालणार नाही. डबल बासची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते आणि मोबाइलच्या स्पीकरमधून तो खर्ज येतच नाही. बास ऐकू आला नाही तर जॅझ अर्धाच ऐकला.
- वही आणि पेन.
- घरात हार्मोनियम किंवा तानपुऱ्याचं अ‍ॅप असेल तर उत्तम.

रेकॉर्ड्ससाठी, पण नंतर:
- टर्नटेबल, सुईकडून येणारा बारीक आवाज वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर
- सुईचा भार मोजायचा छोटा डिजिटल काटा, पाणसळ, कार्ट्रिज (सुई बसवलेला डबीसारखा भाग) जुळवायचा कागदी प्रोट्रॅक्टर
- कार्बन फायबरचा ब्रश, सुई साफ करायचा छोटा ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, मायक्रोफायबरची फडकी
- आतल्या अँटिस्टॅटिक पिशव्या आणि बाहेरची पॉलिप्रोपिलीनची कव्हरं

## १. एक अल्बम निवडा आणि महिनाभर तोच ठेवा

सुरुवातीला माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्ल्यू' घ्या. सगळे हेच नाव सांगतात म्हणून नव्हे. त्यातल्या रचना साध्या आहेत, लय बहुतेक संथ किंवा मध्यम आहे आणि प्रत्येक वाद्याला मोकळी जागा आहे. शिकायला इतकी सोयीची तबकडी दुसरी सापडणं कठीण. न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या थर्टीएथ स्ट्रीट स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवसांत ती ध्वनिमुद्रित झाली. ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, आल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स, बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. फक्त 'फ्रेडी फ्रीलोडर'मध्ये पियानोवर विंटन केली आहे. ही नावं वहीत लिहून ठेवा. पुढच्या डझनभर अल्बममध्ये हीच माणसं पुन्हा भेटणार आहेत.

सुरुवातीलाच दोन गोष्टी टाळा. अ‍ॅपवर ऐकताना शफल बंद करा. आणि मूळ पाच रचना संपल्या की थांबा. नव्या आवृत्त्यांमध्ये पुढे तालमीचे तुकडे आणि पर्यायी टेक जोडलेले असतात. अभ्यासकाला ते मोलाचे आहेत, पण नव्या श्रोत्याला अल्बम कुठे संपला हेच कळेनासं होतं.

## २. एका बैठकीत एक बाजू

एलपीची (लाँग-प्ले रेकॉर्डची) एक बाजू साधारण वीस ते पंचवीस मिनिटांची. 'काइंड ऑफ ब्ल्यू'ची पहिली बाजू पंचवीस मिनिटांची आहे, दुसरी एकवीस. त्या काळात अल्बमची मांडणी बाजू धरूनच व्हायची: पहिली रचना पकड घेणारी, शेवटची शांत. म्हणून एका वेळी एकच बाजू ऐका, मग उठा. दोन्ही बाजू सलग ऐकल्या की दुसरीकडे लक्ष अर्धंच राहतं.

तीच बाजू चार वेळा, चार वेगळ्या दिवशी अशी ऐका:

पहिल्या दिवशी काही मोजू नका, नुसतं ऐका.

दुसऱ्या दिवशी फक्त बास. बासवाला प्रत्येक मात्रेला एक स्वर देत 'चालत' असतो. आपल्याकडे ठेका तबला धरतो, इथे मुख्यतः बास. लय हरवली की बासकडे परत या.

तिसऱ्या दिवशी ड्रम्स, आणि त्यातही फक्त झांजा. उजव्या हाताखालच्या मोठ्या झांजेवर सतत एक घोळ चालू असतो. पायाने मिटणारी हाय-हॅट 'चिक्' करते ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो आणि इथेच गफलत होते. जॅझमध्ये टाळी दोन आणि चारवर. पहिल्यावर टाळी देत राहिलात तर सगळं संगीत जड आणि कवायतीसारखं वाटेल. टाळी दोन-चारवर आणून पाहा, तीच रचना हलकी होऊन झुलायला लागते.

चौथ्या दिवशी पियानो, पण त्याच्या स्वतःच्या वादनाच्या वेळी नव्हे, तर दुसरा कोणी वाजवत असताना. तो मध्येच दोन-तीन सुरांचे गुच्छ टाकतो, गप्प बसतो, पुन्हा टाकतो. चांगला हार्मोनियमवाला गायकाला जागा देतो तशीच ही साथ आहे. बिल एव्हान्स किती कमी वाजवतो ते लक्षात आलं की हा दिवस सार्थकी लागला.

## ३. 'सो व्हॉट' मोजून ऐका

आता मोजायला बसा. रचना नऊ मिनिटांहून थोडी मोठी आहे.

सुरुवातीला पियानो आणि बास यांची विनालयीची सुरावट आहे, आलापासारखी, सुमारे अर्धा मिनिट. ती मोजू नका. मग बास एक छोटं वाक्य बोलतो आणि त्याला दोन सुरांचं उत्तर येतं, आधी पियानोकडून, नंतर तिन्ही फुंकवाद्यांकडून. बास विचारतो, बाकीचे उत्तर देतात. हाच या रचनेचा मुखडा.

मुखड्याचा साचा ३२ बारचा, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. म्हणजे १२८ मात्रा, तीनतालाची आठ आवर्तनं. त्याचे चार समान भाग:

- पहिला भाग, तीनतालाची दोन आवर्तनं: सा पांढरी दोनवर
- दुसरा भाग, दोन आवर्तनं: पुन्हा तेच
- तिसरा भाग, दोन आवर्तनं: सा अर्ध्या स्वराने वर, काळी दोनवर
- चौथा भाग, दोन आवर्तनं: परत पांढरी दोनवर

स्वर कोणते? कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. पाश्चात्त्य नाव डोरियन. हार्मोनियमवर पांढरी दोनपासून पुढच्या पांढरी दोनपर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या दाबत गेलात की हेच सप्तक मिळतं. तिसऱ्या भागात अख्खा काफी उचलून एक पट्टी वर ठेवला जातो. ही सरकण्याची जागा कानाला कळणं हे या महिन्याचं सगळ्यांत मोठं काम. खोलीतला उजेड बदलावा तसं ते जाणवतं, आणि सोळा बारनंतर ते येणार हे आधीपासून माहीत असलं की त्याची वाट पाहण्यातच मजा येते.

सुमारे दीड मिनिटाला जिमी कॉब झांजेवर एक जोरकस आघात करतो. त्याची गुंज विरत असतानाच माइल्स डेव्हिसचं वादन सुरू होतं. इथून पुढे आवर्तन म्हणजे तीनतालाचं नव्हे, ३२ बारचा अख्खा साचा, आणि असं एकेक आवर्तन साधारण छप्पन्न सेकंदांचं आहे. माइल्स दोन आवर्तनं वाजवतो, कोल्ट्रेन दोन, अ‍ॅडर्ली दोन, एव्हान्स एक. एव्हान्सच्या वेळी फुंकवाद्यं मुखड्यातलं ते दोन सुरांचं उत्तर मागून वाजवत राहतात. मग मुखडा परत येतो आणि आवाज हळूहळू विरतो.

कागदावर सात रेघा आखा, प्रत्येक रेघेचे चार भाग करा आणि ऐकताना बोट पुढे सरकवा. पहिल्या दोन-तीन वेळा चुकाल. चुकलात तर थांबवू नका. पुढची 'काळी दोन' ऐकू आली की तिसऱ्या भागावर बोट ठेवून पुन्हा सुरू करा. मोजणी जमली की मग तुलना करा. माइल्स थोड्या सुरांत बोलतो आणि बराच वेळ गप्प राहतो. कोल्ट्रेन त्याच जागेत जिने चढत-उतरत जातो. अ‍ॅडर्लीच्या सुरात ब्लूजची (आफ्रिकन-अमेरिकन लोकगीतांची) लाडिक वळणं आहेत. जागा तीच, मात्रा तेवढ्याच, माणसं तीन.

एक इशारा. तुमच्या हार्मोनियमला स्वर जुळत नसेल तर स्वतःच्या कानाला दोष देण्याआधी आवृत्ती पाहा. २ मार्चच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेप मशीन किंचित हळू चाललं. त्यामुळे पुढे योग्य वेगाने टेप वाजवल्यावर पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना थोड्या चढ्या वाजतात. १९९२च्या पुनर्प्रकाशनात हे दुरुस्त झालं. त्याआधीच्या एलपींमध्ये पहिली बाजू चढीच असणार. ती तुमच्या मशीनची चूक नाही.

ख्यालाशी तुलना इथवर चालते, पुढे थांबवा. आपल्याकडे षड्ज ढळत नाही, तानपुरा सतत मागे असतो. जॅझमध्ये पायाखालची जमीनच हलते, आणि त्या हलण्याशी जुळवून घेत वाजवणं हीच कसोटी. 'सो व्हॉट'मध्ये जमीन दोनदाच हलते, म्हणून सुरुवात तिथून. बहुतेक रचनांमध्ये ती दर बारला किंवा दोन बारला हलते.

## ४. ब्लूजची बारा पेरं

दुसरा साचा बारा बारचा ब्लूज. यासाठी हातच पुरे. अंगठ्याने चार बोटांची बारा पेरं मोजायची आपली जुनी रीत इथे नेमकी बसते. चारी बोटांची वरची पेरं हा पहिला चरण, मधली पेरं दुसरा, खालची तिसरा. एक पेर म्हणजे एक बार, चार मात्रा.

वरची चारही पेरं सा-वर. मधल्या ओळीत पहिली दोन मध्यमावर, पुढची दोन पुन्हा सा-वर. खालच्या ओळीत पहिलं पेर पंचमावर, दुसरं बहुधा मध्यमावर, शेवटची दोन सा-वर, म्हणजे घरी. हजारो रचना या एका साच्यावर उभ्या आहेत. वादक बदलला, वेग बदलला, तरी पेरं तीच.

त्याच अल्बममधला 'फ्रेडी फ्रीलोडर' याच साच्यात आहे, पण शेवटच्या दोन पेरांवर घरी न येता रचना कोमल निषादावर थांबते. साचा नीट मुरल्यावरच ही हूल कळते, आणि मग दर आवर्तनाला तिची गंमत वाटते. दुसऱ्या बाजूच्या 'ऑल ब्लूज'मध्ये पेरं बाराच, पण प्रत्येक पेरात दादऱ्यासारख्या सहा मात्रा. जुन्या कव्हरांवर आणि लेबलांवर या बाजूच्या दोन रचनांची नावं उलटी छापलेली सापडतात. गोंधळू नका, लांब आणि सहा मात्रांची ती 'ऑल ब्लूज'.

बोटं सरावली की ड्यूक एलिंग्टनचा १९५६च्या न्यूपोर्ट महोत्सवातला 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्ल्यू' लावा. दोन भागांच्या मध्ये पॉल गोन्साल्विस टेनर सॅक्सोफोनवर बारा पेरांची सत्तावीस आवर्तनं सलग वाजवतो. मागे लोकांचा आरडाओरडा वाढत जातो तो ऐका. जुन्या एलपीवर त्याचा आवाज थोडा दूरचा येतो, कारण तो दुसऱ्याच मायक्रोफोनसमोर उभा राहून वाजवत होता. १९९९च्या सीडी आवृत्तीत ते बरंच सुधारलं.

## ५. पुढचे अल्बम, या क्रमाने

महिना झाला की पुढे चला. यादी लांबवू नका.

आर्ट ब्लेकी अँड द जॅझ मेसेंजर्स, 'मोनिन''. ध्वनिमुद्रण ३० ऑक्टोबर १९५८. शीर्षक रचनेत पियानो एक ओळ म्हणतो आणि बाकीचे दोन सुरांत ती उचलून धरतात. ही रीत आफ्रिकन-अमेरिकन चर्चमधली आहे. वारकरी भजनात बुवा आणि टाळकरी ऐकलेल्याला ती समजवावी लागत नाही.

सनी रोलिन्स, 'सॅक्सोफोन कोलॉसस'. २२ जून १९५६. चारच माणसं, त्यामुळे प्रत्येक वाद्य स्वच्छ वेगळं. 'सेंट थॉमस'मध्ये मॅक्स रोचचे ड्रम्स चाल गुणगुणतात असं वाटेल, नीट लक्ष द्या. रोलिन्स १९६७-६८च्या सुमारास मुंबईत पवईच्या आश्रमात राहिला होता आणि १९७८च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात मुंबईत वाजवून गेला.

डेव्ह ब्रूबेक क्वार्टेट, 'टाइम आउट'. १९५९. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचा, विभाग तीन-दोन. झपतालातल्या दोन-तीनच्या उलट. 'ब्ल्यू रॉन्डो'च्या मुखड्यात नऊ मात्रा, दोन-दोन-दोन-तीन. हा ठेका ब्रूबेकने १९५८च्या दौऱ्यात तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकला. भारतातही तो त्याच दौऱ्यात आला होता. मोजणाऱ्या श्रोत्याला हा अल्बम लगेच आवडतो. मात्र मात्रांच्या कोड्यातच अडकू नका, पॉल डेस्मंडच्या आल्टोचा कोरडा, हळुवार आवाज हे या तबकडीचं खरं धन आहे.

एला फिट्झगेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग, 'एला अँड लुई'. १९५६. शब्दांशिवाय करमत नसेल तर हा अल्बम अगदी पहिला घेतला तरी चालेल.

बिल एव्हान्स ट्रायो, 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅन्गार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. दोन्ही २५ जून १९६१ या एकाच दिवशी मुद्रित झाले. ग्लासांची किणकिण, लोकांची कुजबुज ऐकू येते. ती रेकॉर्डची खराबी समजू नका. इथे बास ठेका धरत नाही, पियानोशी बोलतो. तो बासवादक स्कॉट लाफारो अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला, वय पंचवीस.

जॉन कोल्ट्रेन, 'अ लव्ह सुप्रीम'. ९ डिसेंबर १९६४. हा घाईने लावू नका. बाकीचे ऐकून झाल्यावर, शांत वेळी लावा. सुरुवातीला बासवर चार सुरांची एक आकृती येते. पुढे कोल्ट्रेन तीच आकृती वेगवेगळ्या षड्जांवर फिरवतो. शेवटच्या भागाला कव्हरच्या आत छापलेली त्याची प्रार्थना हातात धरून बसा. सॅक्सोफोन ती अक्षरशः म्हणतो, शब्दामागून शब्द. बोट ठेवून वाचता येते.

## ६. मशीन

सूटकेससारखी बंद होणारी स्वस्त टर्नटेबलं घेऊ नका. त्यातली सुई पाच-सहा ग्रॅमने दाबते आणि भार कमी-जास्त करायची सोय नसते. साध्या चांगल्या कार्ट्रिजला दीड ते अडीच ग्रॅम पुरतात.

परदेशातून किंवा जुन्या बाजारातून मशीन घेत असाल तर मागची पट्टी वाचा. जुन्या अमेरिकन टर्नटेबलची सिंक्रोनस मोटर ६० हर्ट्झसाठी असते. ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्ट दिलेत तरी आपली वीज ५० हर्ट्झचीच. मोटर एक षष्ठांशाने हळू फिरते आणि मिनिटाला ३३⅓ ऐवजी अठ्ठावीसच्या आतच फेरे होतात. ट्रान्सफॉर्मर हे दुरुस्त करत नाही. त्यासाठी ५० हर्ट्झची पुली लागते, आणि ती मिळणार असेल तरच सौदा करा.

जोडणीचा क्रम असा:

१) टेबल जड आणि न हलणारं हवं. प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीवर) पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी पातळी पाहा.
२) टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांड्याचं) मागचं वजन फिरवत आर्म आडवा तरंगेल असं करा. तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणा.
३) कार्ट्रिजच्या माहितीपत्रात दिलेला भार लावा. उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निका एटी-व्हीएम९५ई साठी दोन ग्रॅम. मग डिजिटल काट्यावर खात्री करा, चकतीवर विसंबू नका.
४) अँटिस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) सुरुवातीला तेवढ्याच आकड्यावर.
५) कार्ट्रिज प्रोट्रॅक्टरवर जुळवा. तो छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर माप बदलतं. छापलेली मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून पाहा.
६) फोनो प्रीअ‍ॅम्प अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असेल तर टर्नटेबलचा बंद करा. दोन्ही चालू राहिले की आवाज फाटतो. एकही नसेल तर आवाज बारीक आणि पातळ येतो.

भार कमी ठेवला म्हणजे रेकॉर्ड वाचते हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि खाचेच्या भिंती फोडते. दिलेल्या मर्यादेच्या मधला किंवा किंचित वरचा भार बरा. साधी सुई पाचशे तासांनंतर तपासायला हवी. रोज एक एलपी, म्हणजे चाळीस मिनिटं, असं धरलं तर साधारण दोन वर्षं.

## ७. रेकॉर्ड विकत घेताना

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर आणि पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जॅझ क्वचित मिळतो, पण मिळतो. मोबाइलचा टॉर्च घेऊन जा. रेकॉर्ड कडेने आणि लेबलाला धरा, उजेड तिरका पाडा.

ओरखड्यावरून नख हळूच आडवं फिरवा. नख अडकलं तर प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे दर १.८ सेकंदांनी, 'टक' येणार. नुसत्या केसासारख्या रेषा बहुधा ऐकू येत नाहीत. खाचा काळ्याऐवजी राखाडी दिसत असतील तर जड सुईने त्या खाल्लेल्या आहेत. ही झीज धुऊन जात नाही, रेकॉर्ड कितीही चमकत असो. लेबलावर मधल्या भोकाभोवती खूप रेघोट्या असतील तर ती खूप वाजली आहे. डोळ्यांच्या पातळीवर धरून वाक पाहा.

वाजवून बघायला मिळालं तर शेवटची रचना ऐका. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, आतल्या टोकाला जेमतेम २१. म्हणून खराबी आधी आतल्या बाजूला कळते, आणि नेमकी तिथेच शांत रचना असते. पियानोच्या मऊ जागी खरखर किती जाणवते ते पाहून ठरवा. दणदणीत ब्लेकीमागे जी खपते ती बिल एव्हान्समागे खपत नाही.

विक्रेते दर्जा इंग्रजी अक्षरांत लिहितात. 'निअर मिंट' म्हणजे जवळपास नवी, 'व्हेरी गुड प्लस' म्हणजे हलक्या खुणांची आणि ऐकायला चांगली, 'व्हेरी गुड' म्हणजे खरखर येणार. 'गुड' या शब्दाला भुलू नका, संग्राहकांच्या भाषेत ती वाईट रेकॉर्ड आहे.

आता आवृत्ती. ब्ल्यू नोटच्या मूळ छपाईच्या मागे सुरुवातीला लागू नका, किंमत आवाक्याबाहेर असते आणि बऱ्याच प्रती झिजलेल्या. त्याच कंपनीच्या 'क्लासिक व्हाइनिल' आणि 'टोन पोएट' मालिकांमधल्या नव्या छपाया फार चांगल्या आहेत. जुनी प्रत घेतच असाल तर लेबलालगतची कोरी पट्टी टॉर्चने पाहा. तिथे 'व्हॅन गेल्डर' किंवा त्याच्या नावाची तीन आद्याक्षरं ठोकलेली असली तर ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरने स्वतः तिचं कटिंग, म्हणजे मूळ साच्यावर खाचा कोरण्याचं काम, केलेलं आहे.

दोन प्रकार टाळा. पहिला: युरोपातून येणाऱ्या स्वस्त, रंगीत छपाया. १९६३च्या आधी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं तिथे स्वामित्वहक्कातून मोकळी आहेत, म्हणून कोणीही सीडीवरून छापतं. कव्हरवर मूळ टेपबद्दल, मास्टरिंग करणाऱ्याबद्दल एक अक्षर नसेल तर सोडून द्या. दुसरा: साठच्या दशकातला नकली स्टिरिओ. जुनं मोनो ध्वनिमुद्रण यंत्राने दोन बाजूंना वाटून 'इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड' म्हणून विकलं जायचं. चार्ली पार्कर किंवा जुना लुई आर्मस्ट्राँग असा घेऊ नका, आवाज पोकळ आणि घुमणारा येतो. मोनोच घ्या.

परदेशातून मागवताना सीमाशुल्क फक्त रेकॉर्डच्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून लागतं. पैसे भरण्याआधी कुरिअरकडून एकूण आकडा विचारा. कागद तयार ठेवा: विक्रेत्याचं बिल, पैसे भरल्याची पावती, आधार किंवा पासपोर्टसारखा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. विक्रेत्याला एक विनंती आवर्जून करा: रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून वेगळी ठेवून पाठवा. आतच ठेवली तर वाटेत आदळून ती कव्हरची शिवण फाडते.

## ८. धुणं आणि पावसाळा

जुनी रेकॉर्ड न धुता सुईखाली घालू नका. नळाचं, विशेषतः बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, बस. लेबलावर बरणीचं झाकण दाबून धरा म्हणजे ते भिजणार नाही. फडकं खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा पुसून काढा. साबण राहिला तर सुईवर पांढरा गोळा जमतो. वाळवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं उत्तम, फक्त तारांवर मऊ कापड गुंडाळा. पंख्याखाली नको, धूळ बसते.

कोकणात, मुंबईत, गोव्यात खरा शत्रू बुरशी. रेकॉर्डवर पांढरे ठिपके दिसतात आणि दर ठिपक्याला बारीक फुटल्यासारखा आवाज येतो. कपाट ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला कपाट दोन तास उघडं ठेवा. कागदी आतल्या पिशव्या ओल धरतात, त्या बदला, पण जुनी छापील पिशवी फेकू नका, मागे जपून ठेवा. जाड पीव्हीसीची बाहेरची कव्हरं वर्षांनी रेकॉर्डवर धूसर डाग पाडतात, ती आधी काढा. डांबराच्या गोळ्या नकोत, तो वास कव्हरमधून जात नाही. बुरशी आलेलं कव्हर सावलीत वाळवा.

रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, एकीवर एक आडव्या कधीच नाही. शंभर एलपींचं वजन पंचवीस किलोंच्या घरात जातं, त्यामुळे पातळ फळी वाकते. उन्हात उभ्या गाडीत तर दहा मिनिटंसुद्धा ठेवू नका.

## ९. जुन्या लाखेच्या तबकड्या सापडल्या तर

मुंबईच्या जॅझचा खरा ठेवा एलपींवर कमी, ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर जास्त आहे. १९३५मध्ये लिऑन अ‍ॅबीचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड मुंबई-कोलकात्यात राहिला आणि १९४५मध्ये कोलकात्यातच वारला. त्यांच्या सोबतीने गोव्याचे वादक तयार झाले. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हिएर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यांतला सर्वांत लाडका ट्रम्पेटवाला. सी. रामचंद्रांच्या १९५१च्या 'अलबेला'त तो आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात. वेदरफोर्ड किंवा चिक चॉकलेटचं नाव असलेली तबकडी रद्दीत दिसली तर सोडू नका, अवस्था कशीही असो.

पण तिला एलपीची सुई लावू नका. एलपीच्या खाचेला २५ मायक्रॉनच्या आतली सुई लागते, ७८च्या रुंद खाचेला ७५ मायक्रॉनची. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी घासत जाते, आवाजाऐवजी कचराच उचलते. बऱ्याच कार्ट्रिजना ७८ची वेगळी सुई मिळते. मशीनवर ७८चा वेग आहे ना तेही पाहा, आजकालच्या बऱ्याच मशीनवर नसतो. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने वाजवायचा मोह होतो, पण दुर्मीळ तबकडी त्यावर लावू नका, प्रत्येक वादनाला ती झिजते.

धुताना स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल अजिबात नको. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, तबकडी तिथल्या तिथे संपते. थंड डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एखादा थेंब, लगेच पुसून कोरडी. तडा असेल तर पाणी आत शिरू देऊ नका, कोरड्या ब्रशनेच साफ करा. वाजवण्याआधी लेबलाचा आणि लेबलालगत कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकाचा फोटो काढा, वादकांची नावं आणि क्रमांक वहीत उतरवा, पहिल्याच वादनाला ध्वनिमुद्रण करून ठेवा. मग दोन पुठ्ठ्यांच्या मधे, उभी, वेगळी ठेवा.